न्हाणीघर, निजायची खोली आणि मधली भिंत

जुने घर दुरुस्तीला काढले की पहिली मागणी येते ती निजायच्या खोलीला लागून न्हाणीघर करून घेण्याची. मागणी रास्त आहे. घरातल्या वयस्कर माणसांनी रात्री उठायचे, पायऱ्या उतरायच्या आणि परसातल्या ओल्या फरशीवरून चालत जायचे, म्हणजे घसरण्याची भीती आलीच. म्हणून पुणे, सातारा, वाई, नाशिक अशा गावांतल्या जुन्या घरांत एखादी कोठीची खोली मोकळी करतात किंवा मोठ्या खोलीचा एक कोपरा वेगळा काढतात. तिथे टाइल्स, नळ आणि गिझर बसतो. निजायच्या खोलीलाही नवा रंग मिळतो. घर उजळून निघते.

पुढचा भाग दोन-तीन पावसाळ्यांनंतर सुरू होतो. न्हाणीघरातल्या टाइल्स जशाच्या तशा चकचकीत असतात. पण त्याच भिंतीच्या दुसऱ्या बाजूला, पलंगाच्या उशाशी, रंग फुगू लागतो. पोपडे सुटतात. आत पांढरी लव दिसते. भिंतीला टेकलेल्या कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो. गवंडी येऊन सगळे खरवडतो आणि सिमेंटचा पक्का गिलावा करून देतो. वर्षभर बरे वाटते. मग तीच ओल हातभर वर पुन्हा उमटते.

हे असे का होते? याचे उत्तर शोधताना आधी एक वेगळा प्रश्न विचारू. जुन्या घरांत न्हाणीघर इतके लांब का ठेवत असत? सोवळ्याओवळ्याच्या कल्पना हे एक कारण होतेच. पण लांब असण्यामुळे तीन कामे आपोआप होत असत. पाणी निजायच्या भिंतीपासून दूर राहत असे, मोरीचा वास दूर राहत असे आणि पाणी तापवायच्या बंबाचा धूर उघड्यावर जात असे. न्हाणीघर जवळ आणले की अंतर संपते, पण ही तीन कामे संपत नाहीत. आधी जे काम अंतर करत होते, ते आता आपल्याला समजून-उमजून करावे लागते. त्यातले सर्वांत अवघड काम पाण्याचे आहे, म्हणून ते आधी पाहू.

जुनी भिंत कशाची असते?

भारतात पोर्टलंड सिमेंटचे सलग उत्पादन सुरू झाले ते १९१४ साली पोरबंदर येथे. लहान गावांतल्या घरबांधणीत सिमेंट रुळायला त्यानंतर बरीच वर्षे गेली. त्यामुळे १९३०-४० पूर्वीच्या बहुतेक घरांच्या भिंती चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या असतात. खाली काळ्या दगडाचे जोते आणि वर विटा किंवा पांढरी माती, अशी त्यांची घडण असते. भिंतीची जाडी दीड-दोन फूट सहज भरते.

चुन्याचे रसायनशास्त्र आपण शाळेत शिकवतोच. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. १०० किलो शुद्ध चुनखडीपासून ५६ किलो चुनकळी मिळते. चुनकळी पाण्यात विरवली की कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना तयार होतो. हा चुना भिंतीत गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड सावकाश परत घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. चुन्याच्या निवळीत फुंकर मारल्यावर ती दुधाळ होते, तीच ही अभिक्रिया. घाणीत चुन्याबरोबर विटांची भुकटी, म्हणजे सुर्खी मळली, तर तिच्यातले सिलिका आणि ॲल्युमिना चुन्याशी संयोग पावतात आणि दमट जागीही घट्ट होणारा मसाला मिळतो.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की ही भिंत आरपार सच्छिद्र असते. वीट स्वतःच किती पाणी पिते हे वर्गात पाहता येईल. एक कोरडी वीट तोलून रात्रभर पाण्यात बुडवा आणि पुसून पुन्हा तोला. चांगली वीट तिच्या वजनाच्या २० टक्क्यांहून कमी पाणी शोषते. तरीही तीन किलोच्या विटेत काही पेले पाणी सहज मावते. अशा हजारो विटांची भिंत पाणी अडवत नाही. ती पाणी शोषते आणि उघड्या पृष्ठभागावरून हवेला परत देते. जुन्या भिंतीचा सगळा जमाखर्च या देवघेवीवर चालतो.

ओल तीन वाटांनी येते

पहिली वाट जमिनीची. बारीक नळीत पाणी आपोआप वर चढते, हे केशाकर्षण. नळी जितकी बारीक, तितके पाणी उंच जाते. जेम्स ज्युरिन या इंग्रज वैद्याने १७१८च्या सुमारास हा नियम मांडला. एक मिलिमीटर व्यासाच्या स्वच्छ काचनळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढते, ०.१ मिलिमीटरच्या नळीत ३० सेंटिमीटर, तर ०.०१ मिलिमीटरच्या नळीत हिशेबाने ३ मीटर. विटेतली छिद्रे याच मापाची किंवा याहून बारीक असतात. मग भिंत छतापर्यंत ओली का होत नाही? कारण चढणारे पाणी वाटेत बाष्पीभवनाने उडत असते. चढण्याचा आणि उडण्याचा वेग जिथे सारखा होतो, तिथे ओलीची रेघ थांबते. बहुधा ती गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीवर दिसते. काळ्या दगडाचे उंच जोते या वाटेवर चांगला अडसर असते, कारण घट्ट बसाल्टमध्ये छिद्रे फार थोडी असतात. पण रस्त्यावर थरावर थर चढत गेले, अंगणात भर पडली, की जोते बुडते आणि माती थेट विटांना भिडते. घर तेच असते. बाहेरची जमीन वर आलेली असते.

दुसरी वाट गळतीची. नळाची फुटकी जोडणी, तुंबलेली मोरी, टाइल्समधले उघडे सांधे. टाइल पाणी सोडत नाही, पण सांध्यात भरलेला मसाला सोडतो. रोजच्या आंघोळीचे थोडे थोडे पाणी सांध्यातून टाइलच्या मागे जाते आणि तिथे अडकते.

तिसरी वाट हवेची. हिचा विसर फार पडतो. २५ अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते, २० अंशाला सुमारे १७ ग्रॅम. दोन मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच न्हाणीघरात ६ घनमीटर हवा असते. म्हणजे २५ अंशाला सुमारे १४० ग्रॅम वाफ. पण हवा आधीच कोरडी नसते. सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असली, तर तिच्यात आणखी ५५ ग्रॅमच वाफ सामावेल, म्हणजे चहाचे अकरा-बारा चमचे पाणी. कढत पाण्याच्या आंघोळीत त्याहून जास्त वाफ सहज निघते. उरलेली वाफ थंड भिंतीवर, आरशावर आणि छताला पाणी होऊन बसते; दार उघडले की निजायच्या खोलीत शिरते. आंघोळीपूर्वी आणि नंतर टॉवेल तोलायला मुलांना सांगा. वजनातला फरक म्हणजे टॉवेल खोलीत वाळत टाकल्यावर खोलीच्या हवेत जाणारे पाणी.

ओल कोणत्या वाटेची, हे कसे ओळखाल?

तिन्ही वाटांच्या ओलीवर उपाय निरनिराळे आहेत. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी निदान हवे. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही.

प्लॅस्टिकची चाचणी : पारदर्शक प्लॅस्टिकचा हातभर चौकोनी तुकडा भिंतीच्या ओलसर भागावर चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दोन दिवस राहू द्या. प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूवर दव आले, तर ओल हवेतून येते आहे. भिंतीकडच्या बाजूवर पाण्याचे थेंब जमले, तर ओल भिंतीच्या आतून येते आहे.

पाणी साठवून चाचणी : न्हाणीघराची मोरी फडक्याच्या बोळ्याने बंद करा, उंबऱ्याच्या आत दोन सेंटिमीटर पाणी भरा आणि पातळीवर खूण करा. शेजारी एका पसरट ताटात पाणी ठेवून त्यावरही खूण करा. चोवीस तासांनी दोन्ही पातळ्या मोजा. ताटातली घट केवळ बाष्पीभवनाची असते. जमिनीवरच्या पाण्याची घट त्याहून ठळक जास्त असेल, तर फरशी किंवा मोरीची जोडणी गळते आहे. ताट ठेवायला विसरू नका. त्याच्याशी तुलना केल्यावाचून चाचणीला अर्थ राहत नाही. वरच्या मजल्यावर, लाकडी तुळयांच्या जमिनीवर ही चाचणी करू नये.

नळाची चाचणी : रात्री घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचे आकडे किंवा टाकीतली पातळी लिहून ठेवा. सकाळी कोणी नळ उघडण्यापूर्वी पुन्हा पाहा. फरक पडला, तर नळ कुठे तरी पाझरतो आहे.

ऋतूही काही सांगतो. बारा महिने सारखी राहणारी ओल बहुधा नळाची असते. पावसाळ्यात वाढून उन्हाळ्यात उतरणारी, तळाशी सलग पट्टा दाखवणारी ओल जमिनीची असते. कोपऱ्यांत आणि कपाटामागे काळ्या ठिपक्यांची बुरशी घेऊन येणारी ओल हवेची असते.

सिमेंटने ओल का जात नाही?

आता त्या पांढऱ्या लवेकडे वळू. तिला आपण लोणा म्हणतो. भिंतीतून येणारे पाणी शुद्ध नसते. माती, सांडपाणी, विटा आणि सिमेंट यांच्यातले क्षार त्यात विरघळलेले असतात. पाणी उडते, क्षार मागे राहतात. पृष्ठभागावर स्फटिक झाले, तर ते फडक्याने झटकता येतात. पण रंगाच्या किंवा गिलाव्याच्या पाठीमागे स्फटिक वाढले, तर ते पुढचा थर ढकलून देतात. पोपडे सुटतात ते या रेट्याने. सोडियम सल्फेट तर फारच त्रासदायक. त्याचा निर्जल स्फटिक पाण्याचे दहा रेणू घेतो, तेव्हा त्याचे आकारमान तिपटीहून जास्त होते. हा बदल सुमारे ३२ अंशांच्या आसपास घडतो. म्हणजे आपल्याकडच्या हवामानात तो पुन्हा पुन्हा घडू शकतो.

शाळेच्या प्रयोगशाळेत लोण्याची परीक्षा करता येते. झटकलेली पूड ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून गाळा आणि द्रावणाचे दोन भाग करा. दोन्हींत विरल नायट्रिक आम्लाचे काही थेंब घाला. एकात सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर पांढरा साका आला तर क्लोराइड आहे. दुसऱ्यात बेरियम क्लोराइड घातल्यावर आला तर सल्फेट आहे. बेरियमची संयुगे विषारी असल्याने हा भाग शिक्षकांनी स्वतः करावा.

सिमेंटचा गिलावा चुन्याच्या गिलाव्यापेक्षा घट्ट असतो. त्यातून बाष्प कमी जाते. शिवाय तो स्वतःचे थोडे क्षार बरोबर आणतो. त्याने पाण्याचे येणे थांबत नाही, जाणे मात्र अडते. आवक तीच आणि जावक कमी, म्हणजे पाण्याला उडण्यासाठी आणखी वर चढावे लागते आणि गिलावा जिथे संपतो तिथे ओलीची नवी रेघ उमटते. ओल हातभर वर गेली, ती यामुळे.

हा प्रयोग मुलांना नक्की करू द्या. दोन विटा पसरट ताटात उभ्या ठेवा. एक उघडी असू द्या. दुसरीच्या चारी बाजूंना प्लॅस्टिक घट्ट गुंडाळा. तळ आणि वरचे चार बोटे मात्र मोकळे ठेवा. ताटात बोटभर दाट मिठाचे पाणी घाला आणि ते कमी होईल तसे भरत राहा. आठ-दहा दिवसांत उघड्या विटेच्या अंगावर खालपासून मीठ फुलते. गुंडाळलेल्या विटेवर ते फुलते फक्त वर, प्लॅस्टिक जिथे संपते तिथे. न्हाणीघरातल्या टाइल्स जिथे संपतात, नेमका तिथूनच वरचा रंग का सुटतो, हे आता वेगळे सांगायला नको.

मधल्या भिंतीची दोन तोंडे

मग करायचे काय? न्हाणीघराच्या बाजूने भिंत बंद करणे भागच आहे. तिथे रोज पाणी उडणार. टाइल्सच्या मागे जलरोधक थर हवा. तो जमिनीवर सलग हवा, भिंतीवर वीतभर वर वळवलेला हवा आणि आंघोळीच्या जागी माणसाच्या उंचीपर्यंत नेलेला हवा. पाणी अडवण्याचे काम या थराचे आहे, टाइल्सचे नव्हे. जमिनीला मोरीकडे मीटरमागे दीड-दोन सेंटिमीटर ढाळ हवा.

भिंतीचे एक तोंड असे बंद झाले, की दुसरे तोंड उघडे ठेवलेच पाहिजे. भिंतीत जे पाणी आधीपासून आहे आणि जमिनीतून जे येत राहणार आहे, त्याला बाहेर पडायला आता तेवढीच जागा उरते. आपण मात्र नेमके उलट करतो. निजायच्या बाजूला सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी, त्यावर ऑइल पेंट आणि वर छतापर्यंतचे कपाट. दोन्ही तोंडे बांधलेली भिंत सुकणार कुठून?

म्हणून निजायच्या बाजूला चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी बरी. बाहेरचा थर आतल्या भिंतीपेक्षा जास्त सच्छिद्र आणि कमी कडक असावा, हा साधा नियम आहे. ताज्या सफेदीचा सामू १२च्या वर असतो, त्यामुळे सुरुवातीला तिच्यावर बुरशीही धरत नाही. कपाट या भिंतीला लावूच नये. लावायचेच असेल तर मागे हवा खेळेल इतकी, निदान चार बोटे जागा सोडावी. विजेचे बटणही या भिंतीवर नको. ओल्या भिंतीतून जुनी वायर गेली असेल, तर पावसाळ्यात भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, आणि ती सूचना हसण्यावारी नेण्याची नसते. वायरिंग नवे करून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. विजेचा एवढासा प्रवाह जमिनीकडे गळू लागला तरी तो पुरवठा तोडतो.

न्हाणीघर वरच्या मजल्यावर असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो. विटांच्या तुकड्यांचा दहा सेंटिमीटर जाडीचा कोबा चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरतो. शिवाय लाकडी तुळयांची टोके भिंतीत रुतलेली असतात. लाकडातले पाणी २० टक्क्यांच्या वर राहू लागले की त्यात कुजवणारी बुरशी वाढते. टोक कुजते ते भिंतीच्या आत, डोळ्यांआड. अशा ठिकाणी स्थापत्य अभियंत्याला तुळया दाखवल्यावाचून काम सुरू करू नये.

वास आणि वायू

राहिली दोन कामे. मोरीखाली जे भांडे बसवतात, त्याला भारतभर प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. न्हाणी हा आपल्या घरातला शब्द असा धंद्याच्या भाषेत जाऊन बसला आहे. त्या भांड्यात सुमारे पाच सेंटिमीटर पाणी अडून राहते आणि गटारातला वायू वर येऊ देत नाही. अंतर जे काम करत होते, ते इथे बोटभर पाणी करते. घर महिनाभर बंद राहिले की हे पाणी उडून जाते. म्हणून परत आल्यावर आधी मोरीत तांब्याभर पाणी ओतावे.

तिसरे काम सर्वांत जोखमीचे आहे. बंब परसात पेटत असे. त्याची जागा गॅस गिझरने घेतली आणि तो बंद न्हाणीघरात आला. ४० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला सुमारे ९० ग्रॅम गॅस लागतो. तो जळायला एक घनमीटरहून जास्त हवा लागते, म्हणजे आपल्या सहा घनमीटरच्या न्हाणीघरातल्या हवेचा जवळजवळ पाचवा हिस्सा. ताजी हवा आली नाही, तर ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. ऑक्सिजनच्या मानाने तो हिमोग्लोबिनला दोनशे पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. माणसाला काही कळण्यापूर्वी शुद्ध हरपते. अशा मृत्यूंच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या हवेतच हवा. खिडकी उघडी ठेवण्याच्या आठवणीवर जीव सोपवू नये.

कामाचा क्रम

खर्च तोच ठेवून केवळ क्रम बदलला, तरी बराच फरक पडतो. पावसाळ्यात वर दिलेल्या चाचण्या करून ओलीची वाट ओळखावी. दिवाळीनंतर बाहेरची भर काढून जोते मोकळे करावे, पावसाचे पाणी भिंतीपासून दूर नेणारी नाली काढावी आणि गळके नळ बदलावेत. मग सिमेंटचा गिलावा आणि ऑइल पेंट खरवडून भिंत उघडी करावी आणि तिला सुकू द्यावे. दीड फुटी भिंत सुकायला आठवडे नाही, महिने लागतात. याच वेळी घाई होते आणि याच वेळी काम बिघडते. भिंत सुकल्यावर न्हाणीघराचा जलरोधक थर, त्याची पाणी साठवून चाचणी, मग टाइल्स, आणि सर्वांत शेवटी निजायच्या बाजूचा चुना. न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीत वाफ ओढून घेणारा पंखा बसवावा आणि टॉवेल बाहेर वाळत टाकावा.

शाळांच्या जुन्या इमारतींतही अशा भिंती असतात. जूनमध्ये वर्ग भरले की प्लॅस्टिकचे तुकडे घेऊन मुलांना कामाला लावा. कोणत्या भिंतीवर, किती उंचीवर, प्लॅस्टिकच्या कोणत्या बाजूला पाणी आले, याची नोंद महिन्यातून एकदा वर्षभर ठेवा. दुरुस्तीच्या वेळी गवंड्याच्या हाती देण्यासारखा याहून उपयोगी कागद नसेल.